दाणा धरताना
(प्रस्तावना)

'दाणा' हा एकच शब्द घोडेगावच्या बाजारात दिवसभरात किती निरनिराळ्या अर्थांनी फिरून येतो याची कोणी मोजदाद ठेवली, तर तिचे एक लहानसे दप्तरच होईल. ज्वारी विकणारा यंदा कणसात दाणा भरला नाही म्हणून कुरकुरतो, साजूक तुपाची बरणी पुढे करणारी बाई तुपाला कसा दाणा धरला आहे ते बोटाने दाखवते, किराणा दुकानात नुसते 'दाणे' म्हटले की भुईमुगाचेच पुढ्यात येतात, आणि मृगाच्या तोंडावर खताच्या दुकानासमोर उभा असलेला शेतकरी पोत्याची शिवण उसवण्यापूर्वीच विचारतो, "दाणेदार आहे का पावडर?" पहिला आणि तिसरा दाणा झाडाचा, दुसरा निवत जाणाऱ्या स्निग्धाचा, चौथा मात्र खडकाच्या पिठाचा, आणि तो जन्माला कसा येतो हे विचारण्याचे कारण बहुतेकांना कधी पडत नाही. जिला स्वतःचा आकार म्हणून नाही, जी फुंकर मारताच उडते आणि भांड्यात ओतताच भांड्याची होऊन बसते, अशी कोरडी खनिज भुकटी फिरती ठेवून तिच्यात मोजके पाणी पडू दिले, म्हणजे तिच्यातून बाजरीएवढे, मोहरीएवढे, वाटाण्याएवढे गोल दाणे आपणहून कसे उभे राहतात, याची हकीकत सांगण्यासाठी हे पुस्तक लिहिले आहे.

अशा पुस्तकाचे लेखन घोडेगावी व्हावे याचे वाचकाला नवल वाटेल, आणि ते रास्तच आहे. घोड नदीच्या काठचे हे गाव कारखान्याचे नव्हे, कचेरीचे आहे. इंग्रजी अमदानीत खेड तालुक्यात आंबेगाव नावाचा पेटा होता आणि त्या पेट्याची कचेरी घोडेगावी होती. पुढे पेट्याचा तालुका झाला, ज्या आंबेगावावरून त्याला नाव मिळाले ते जुने गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले, तरी दप्तर घोडेगावचे घोडेगावातच राहिले. माझे वडील याच कचेरीत अव्वल कारकून होते. मी मात्र रसायनशास्त्र शिकून मुंबईकडे गेलो आणि खताच्या एका कारखान्यात, फिरत्या ढोलाच्या तोंडाशी धूळ खात, आयुष्याचा मोठा भाग घालवला. निवृत्तीनंतर गावी परतलो तेव्हा ध्यानात आले की ज्या गोष्टी कारखान्यात मी महागात शिकलो त्यांचे दाखले इथे रस्त्यावर, शेतात आणि स्वयंपाकघरात पावलोपावली पडलेले होते, आणि ते जर लहानपणी डोळसपणे पाहिले असते तर माझ्या हातून झालेल्या निम्म्या चुका झाल्या नसत्या. यंत्रांच्या पुस्तकात यंत्रांपेक्षा परातीचे आणि मातीचे उल्लेख अधिक का, असे जो विचारील त्याला माझे उत्तर एवढेच आहे.

भुकटीचा दाणा करण्याची यातायात माणसाने मुळात का पत्करली, हे सांगण्यास दोन चाड्यांच्या पाभरीइतका चांगला साक्षीदार मिळणार नाही. एका चाड्यातून बी आणि दुसऱ्यातून खत, असा हा दुहेरी कारभार असतो. आणि चाड्यावर मूठ धरलेल्या माणसाची सारी भिस्त, जे सोडले ते नळीतून खाली उतरेल या एका भरवशावर असते. जूनच्या दमट हवेत भुकटीचे खत हा भरवसा पाळत नाही. ते नळीच्या अंगाला बसते, तिथे त्याचा बोळा होतो, आणि काकरीच्या टोकाशी बैल वळवताना लक्षात येते की मागे बी पडत आले, खत पडलेच नाही. दाणेदार खत मात्र बियासारखेच घरंगळत जाते. यातले मर्म साधे आहे. कण जितका लहान तितके त्याचे वजन घनाच्या हिशेबाने घटत जाते; शेजारच्या कणाला चिकटून राहण्याची त्याची ओढ मात्र त्या हिशेबाने घटत नाही; म्हणून ज्वारी वाहते आणि ज्वारीचे पीठ वाहत नाही. याच कारणास्तव १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाने डीएपीसारख्या दाणेदार खतावर अशी अट घातली आहे की मालाचे शंभरातले निदान नव्वद भाग ४ मिलिमीटरच्या चाळणीतून खाली पडावेत आणि १ मिलिमीटरच्या चाळणीवर अडावेत. सरकारी फर्मानांत काव्य क्वचितच सापडते. पण या दोन चाळण्यांच्या मधल्या तीन मिलिमीटरांच्या जागेत दाणा बसवण्यासाठी मी आणि माझ्यासारख्या अनेकांनी किती रात्री जागवल्या, ते आठवले की हे कलम मला कुळकथेसारखे वाटू लागते.

खताचा इतिहास येथे थोडक्यात आवरतो, कारण तो इतरत्र सहज मिळेल. फॉस्फेटी खडकाचे पीठ गंधकाम्लात भिजवून सुपर फॉस्फेट करण्याचे पेटंट लॉज या इंग्रज गृहस्थाने १८४२ साली घेतले. हिंदुस्थानात त्याचा पहिला कारखाना मद्रास इलाख्यात रानीपेट येथे १९०६ साली निघाला. आणि मराठी शेतकऱ्याच्या घरात मिश्रखत म्हणून जे नाव सर्वतोमुखी झाले ते तुर्भ्याच्या 'सुफला'चे, ज्याच्या पोत्यावरील १५:१५:१५ हे आकडे एके काळी शाळकरी मुलांनाही पाठ असत. नत्र, स्फुरद आणि पालाश ही तिन्ही एकाच दाण्यात असावीत, प्रत्येकाची भुकटी वेगळी राहून वाटेत हादऱ्यांनी वर-खाली होऊ नये, ही दाण्याची दुसरी सोय या आकड्यांमागे दडलेली आहे. पोते शेतात पोहोचेपर्यंत बारीक तळाला आणि जाड वर असे झाले, तर अर्धे वावर नत्राने माजेल आणि अर्धे उपाशी राहील.

आता मुख्य विषयाकडे वळू. एक किलो चुनखडी घेऊन ती दहा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाइतकी, बारीक दळली, तर त्या किलोभर पिठाचे एकंदर पृष्ठफळ सव्वादोनशे चौरस मीटरच्या आसपास भरते. चार खोल्यांच्या दोन घरांचा पसारा एका पायलीत कोंबावा तसा हा प्रकार आहे. आणि या पिठाचा तीन मिलिमीटरचा एकच दाणा उचलला तर त्यात दीड कोटीहून अधिक कण एकमेकांचे हात धरून बसलेले असतात. एवढा जमाव कोणी गोळा केला, कोणत्या वचनाने तो बांधला गेला, आणि तो मोडत का नाही, हे या शास्त्राचे तीन प्रश्न आहेत. तिन्हींचे उत्तर पाणी हेच आहे, परंतु किती पाणी, कोठे पडलेले आणि केव्हा, यावर उत्तराचा अर्थ पार पालटतो. आणि या पुस्तकात मला जे काही सांगायचे आहे ते या तीन शब्दांच्या भोवतीच फिरते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर वळवाच्या पावसात पाहावे. वैशाखाच्या अखेरीस घोडेगावाहून वर आदिवासी पट्ट्याकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यांवर घोटाभर फुफाटा साचलेला असतो, आणि दुपारी आभाळ भरून आले की पहिले टपोरे थेंब त्या फुफाट्यात टप् टप् पडतात. सर लागण्याआधी ती थांबली, आणि वळवाची सर पुष्कळदा अशी हुलकावणी देते, तर खाली वाकून पाहावे: प्रत्येक थेंबाने एक वाटी खणलेली असते, आणि वाटीच्या तळाशी धुळीत घोळलेली एक ओलसर गोळी पडलेली असते. थेंब कणापेक्षा कितीतरी मोठा, म्हणून तो कणावर बसत नाही. कणांचा समुदायच थेंबात शिरतो, किंवा खरे म्हणजे थेंब कणांमधल्या फटींत शिरत जातो, आणि जेथपर्यंत तो पोहोचला तेवढा मुलूख एक गोळी म्हणून वेगळा पडतो. कारखान्यातला दाणा जन्मतो तो नेमका असाच. म्हणून पिठावर पाणी कसे पडते याला सर्वात जास्त महत्त्व आहे. फवारा बारीक असेल, पीठ त्याच्याखालून सारखे सरकत असेल आणि एक थेंब मुरण्याच्या आत दुसरा त्याच जागी पडत नसेल, तर जितके थेंब तितके दाण्यांचे अंकुर, आणि तेही जवळजवळ एका मापाचे. तेच पाणी नळाने एका जागी ओतले तर गुठळी होते, जिच्या पोटात चिखल आणि बाहेर कोरडे पीठ. आणि मग ती गुठळी फोडण्यात जेवढी शक्ती खर्ची पडते तेवढ्यात चांगले दाणे दोनदा झाले असते. पिठल्यात गुठळ्या का होतात हे ज्या घरात कोणी सांगू शकते, त्या घराला हे प्रकरण वाचण्याची गरज नाही.

दुसरा प्रश्न बांधणीचा. दोन कणांच्या मध्ये पाण्याचा इवलासा थेंब अडकला की त्याचा आकार डमरूच्या कंबरेसारखा आत ओढलेला होतो. पृष्ठताण त्या कंबरेला आवळतो, आतल्या पाण्याचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि दोन्ही कण परस्परांकडे खेचले जातात. ही ओढ किरकोळ समजू नये. एक मायक्रॉन त्रिज्येच्या फटीत केशाकर्षणाने निर्माण होणारी ओढ दीड वातावरणाच्या जवळपास जाते, म्हणजे पंधरा मीटर उंच पाण्याचा स्तंभ पेलण्याइतकी. आणि फट जितकी अरुंद तितकी ती अधिक. जर्मनीतील कार्ल्सरूह येथील हान्स रुम्फ यांनी १९६० च्या सुमारास या ओढीचे गणित मांडून दाखवले की ओल्या दाण्याची ताकद कणाच्या आकाराशी व्यस्त प्रमाणात असते. वाळूचा किल्ला मुलाच्या लाथेने पडतो आणि चिकणमातीचे ढेकूळ कुदळीला दाद देत नाही, यात पाण्याचा स्वभाव एकच आहे. फरक कणांच्या आकाराचा आहे.

परंतु पाणी वाढत गेले की हा व्यवहार पायरीपायरीने बदलतो, आणि त्या पायऱ्या इंग्लंडमध्ये न्यूइट आणि कॉनवे-जोन्स या दोघांनी १९५८ साली वाळूवर प्रयोग करून नीट सांगितल्या. प्रथम पाणी फक्त कणांच्या सांध्यांवर टांगलेले असते आणि बाकीच्या फटींत हवा असते. मग सांध्यांचे पाणी एकमेकांना मिळते, मध्ये मध्ये हवेचे कप्पे राहतात. नंतर सगळ्या फटी भरतात आणि पाणी केवळ पृष्ठभागावर, प्रत्येक छिद्राच्या तोंडाशी, आत ओढलेले राहते. दाणा सर्वात बळकट असतो तो येथे. आणि यानंतर आणखी थोडेच पाणी पडले की ती तोंडे भरून येतात, ओढ नाहीशी होते, आणि दाणा राहत नाही, राबडी राहते. बळकटीचा कळस आणि सर्वनाश यांच्यात शेकडा एक-दोन भाग पाण्याचे अंतर असते, ही गोष्ट मी शिकाऊ उमेदवारांना जितक्या वेळा सांगितली तितक्या वेळा त्यांनी ती वहीत लिहून घेतली आणि दुसऱ्या दिवशी नळ सोडला.

यंत्रावरचे जुने मिस्त्री वहीत लिहीत नसत. आमच्या ढोलावर एक वयस्क गृहस्थ होते. ते प्रयोगशाळेचा ओलाव्याचा आकडा येण्याची वाट पाहत नसत. फिरत्या मालातून पसाभर उचलत, मूठ आवळत, उघडत, आणि अंगठ्याने तो मुटका मोडून पाहत. मुटका उमटला, बोटांचे ठसे त्यावर राहिले, आणि मोडताना त्याचे दोन स्वच्छ तुकडे झाले, तर पाणी बरोबर. भुगा झाला तर कमी. तळव्याला ओल उतरली तर जास्त. पुढे औषधाच्या गोळ्या करणाऱ्या कारखान्यांतही हीच मुठीची परीक्षा चालते असे कळले. आणि दिवाळीत करंज्यांच्या पिठाला मोहन घालून झाल्यावर 'मुटका वळतो का बघ' असे जे सांगितले जाते, ती ही विद्या नव्हे तर दुसरी कोणती?

येथपर्यंत दाणा जन्मला; वाढायचा आहे. वाढीच्या दोन रीती आहेत, आणि त्यांतील भेद न कळल्यामुळे बराच गोंधळ होतो. एकीत दाणा दाण्याला मिळतो: दोन ओल्या गोळ्या आपटतात, त्यांच्या पृष्ठभागावर पाणी असले किंवा त्या पुरेशा मऊ असल्या तर चिकटतात, आणि ढोलाच्या लोळण्यात चिकटलेल्या जोडीचे कोपरे घासून पुन्हा एक गोल होतो. दुसरीत दाणा एकटाच असतो आणि कोरडे पीठ किंवा लगदा त्याच्यावर थराथराने चढत जातो, कांद्यासारखा. पहिली रीत उतावळी आहे, दुसरी धीराची.

पहिल्या रीतीचा हिशेब प्रथम ज्यांनी मांडला त्यांत एक नाव आपल्या देशातले आहे, आणि त्याचा उल्लेख या विषयाच्या मराठी पुस्तकात न करणे अन्यायाचे होईल. प्रकाश कपूर यांनी डग्लस फ्युर्स्टेनाऊ यांच्यासह अमेरिकेत बर्कले येथे चुनखडीची भुकटी ढोलात फिरवून, ढोल किती फेरे फिरला आणि दाणे केवढे झाले, याचा नकाशा १९६४ साली प्रसिद्ध केला. त्यात असे दिसले की वाढ एका चालीने होत नाही: प्रथम अंकुरांची वेगळी अवस्था, मग संक्रमणाची, मग मोठ्या गोळ्यांची, आणि प्रत्येक अवस्थेचा वेग व कायदा निराळा. कपूर पुढे कानपूरच्या आय.आय.टी.त राहिले आणि नंतर पुण्यास हडपसरला, १९८१ साली स्थापन झालेल्या टाटा संशोधन विकास व रचना केंद्रात आले. घोडेगावाहून साठ-सत्तर किलोमीटरवर, जेथे आमच्या तालुक्याचा बटाटा आणि कांदा रोज रात्री ट्रकने जातो त्या शहरात, या शास्त्राचा एक आद्य हिशेबनीस बसलेला होता आणि मला ते निवृत्तीपर्यंत ठाऊक नव्हते. हा दोष सर्वस्वी माझा.

आणि तो हिशेब मी आधी वाचला असता, तर पुढे सांगतो ती फजिती टळली असती. चाचणीसाठी एक लहान ढोल होता. त्यात अतिशय बारीक, चिकणमातीचा अंश असलेले पीठ घालून मी ठरलेले पाणी फवारले आणि घड्याळ लावून बसलो. पाच मिनिटे झाली, दाणे मोहरीएवढे. दहा झाली, मोहरीएवढेच. पंधरा झाली तरी पाने हलेनात. पाणी कमी पडले अशी माझी खात्री झाली आणि मी आणखी दोन तांबे ओतले. त्यानंतर दोन-तीन मिनिटांत ढोलात जे घडले ते मी कधी विसरणार नाही: मोहरीची सुपारी झाली, सुपारीचे लिंबू, आणि ढोल थांबवीपर्यंत आत नारळाएवढे चार-पाच गोळे एकमेकांवर धडाधड आपटत होते. वरिष्ठांनी त्या दिवशी मला जे सुनावले ते येथे लिहिण्याचे प्रयोजन नाही. त्या पंधरा मिनिटांत ढोलात काहीच घडत नव्हते असे मला वाटले. वस्तुतः फार मोठी गोष्ट घडत होती, पण ती बाहेरून दिसणारी नव्हती. बारीक कणांचे कठीण दाणे आपटून परत फिरत होते, आणि प्रत्येक आपटीने आतून थोडे थोडे दबत होते. आतल्या फटी लहान होत होत्या, आणि त्या फटींतले पाणी, जाण्यास दुसरी जागा नसल्यामुळे, हळूहळू पृष्ठभागाकडे ढकलले जात होते. ज्या क्षणी ते पृष्ठभागावर आले त्या क्षणी प्रत्येक दाणा चिकट झाला आणि सगळे एकदम जुळू लागले. मी न ओतलेले पाणी दाण्यांनी स्वतःच्या पोटातून काढले असते. मी ओतले, म्हणून उत्पात झाला. ऑस्ट्रेलियात आयव्हसन आणि लिट्स्टर यांनी १९९८ साली या दोन स्वभावांचा एक नकाशाच काढला: मऊ दाणे पहिल्यापासून सावकाश, एकसारखे वाढतात, कठीण दाणे प्रथम खोळंबतात आणि मग उसळतात. पीठ कोणत्या जातीचे आहे हे पाणी घालण्यापूर्वी ओळखावे, एवढा बोध मी नारळांच्या मोबदल्यात घेतला.

मोडण्याविषयी फार लिहीत नाही. जे वाढते ते आपटून फुटतेही, आणि कारखान्याचा ढोल म्हणजे जोडणे आणि फोडणे यांचा अखंड चाललेला दिवाणी दावा आहे. चाळणीवरून जाडे दाणे दळणीला जातात, चाळणीखालचा चुरा आणि तो दळलेला माल पुन्हा ढोलाच्या तोंडी येतो; या परतीच्या मालावर नव्या दाण्याचे थर चढतात, आणि पुष्कळदा नव्या मालापेक्षा परतीचाच माल ढोलात अधिक असतो. बाहेरच्या माणसाला हा अपव्यय वाटतो. पण परतीचा माल हाच पाण्याच्या हिशेबातील उचल आणि जमा आहे, कारण कोरडा परतीचा माल वाढवला की ओल कमी होते, कमी केला की वाढते.

तिसरा प्रश्न टिकण्याचा. पाण्याने बांधलेला दाणा पाणी गेले की सुटायला हवा. वाळूचा किल्ला दुपारच्या उन्हात ढासळतो तसा. खताचा दाणा सुटत नाही, कारण जाताना पाणी आपल्या जागी काहीतरी ठेवून जाते. पाण्यात विरघळलेले क्षार सांध्यांवर स्फटिक होऊन बसतात, आणि ओल्या पुलाच्या जागी कोरडा, टणक पूल राहतो. याच न्यायाने गोदामातले पोते दगड होते: रात्रीच्या दमट हवेने दाण्यांचे पृष्ठभाग किंचित विरघळतात, दिवसा वाळतात, आणि जो पूल दाण्याच्या आत हवा होता तो दोन दाण्यांच्या मध्ये तयार होतो. खत फोडायला पहार लागली अशी तक्रार घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला मी पुढे समजावून सांगत असे की पोत्याने काही गुन्हा केलेला नाही, दाणा करण्याची कृतीच तिथे एक पाऊल पुढे गेली आहे. त्याचे समाधान होत असे असे म्हणवत नाही.

जेथे क्षार विरघळत नाहीत तेथे विस्तव लागतो. लोहखनिजाच्या मऊ, भुसभुशीत चुऱ्याचे गोळे करण्याची कल्पना स्वीडनच्या अँडरसन याने १९१२ साली आणि जर्मनीच्या ब्राकेल्सबर्ग याने पुढच्याच वर्षी पेटंटात मांडली. मोठ्या प्रमाणावर ती अमेरिकेत मिनेसोटा येथे, एडवर्ड डेव्हिस यांच्या दीर्घ खटपटीनंतर, १९५५ च्या सुमारास उतरली. आपल्याकडे गोव्याच्या खाणींत असा चुरा अपार. तेथे पाळे येथे चौगुले मंडळींनी १९६० नंतरच्या दशकात गोळ्यांचा कारखाना काढला, आणि आता कोकणात डोलवीला धरमतर खाडीच्या काठी हेच काम फार मोठ्या प्रमाणावर चालते. तिरप्या, फिरत्या तबकडीत किंवा ढोलात चुरा, शेकडा आठ-दहा भाग पाणी आणि शेकडा अर्ध्या-एक भागाइतकी बेंटोनाइट माती. गोळ्या सुपारीहून लहान, नऊ ते सोळा मिलिमीटरच्या. आणि मग सुमारे तेराशे अंशांच्या भट्टीत भाजणे. तबकडीचा एक गुण मला नेहमी मोहवीत आला आहे. तिच्यात लहान गोळ्या तळाशी खोलवर फिरत राहतात, मोठ्या वर येतात आणि काठावरून आपणच बाहेर उडी घेतात. चाळणीवाचून निवड होते. सुपात धान्य पाखडताना जड-हलके वेगळे होते, त्याचे हे यंत्ररूप.

निसर्ग या विद्येत आपल्या आधीपासून आहे. ज्वालामुखीच्या स्फोटात उडालेली राख पाऊस आणि वाफ यांत सापडली की आकाशातच तिच्या वाटाण्याएवढ्या गोळ्या वळतात आणि गारांसारख्या खाली पडतात. इटलीत पाँपेई गाडले गेले त्या थरांतही अशा गोळ्या आढळतात. आमच्या शेजारच्या जुन्नर तालुक्यात, कुकडी नदीच्या काठी बोरी येथे, अशीच ज्वालामुखीची राख थराने सापडली, आणि १९८० नंतरच्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील शरद राजगुरू प्रभृतींनी तिच्याकडे विद्वानांचे लक्ष वेधले. तिचे वय पाऊण लाख वर्षे की त्याच्या कितीतरी पट, यावर अद्याप वाद आहे. पण ती सुमात्रा बेटावरील तोबा या ज्वालामुखीची असावी असे पुष्कळांचे मत आहे, म्हणजे ती तीन हजार किलोमीटरांहून अधिक वाट उडत आली. इतक्या लांब येऊ शकली ती काचेच्या सूक्ष्म शकलांची भुकटीच. जी राख वाटेतच दाणा झाली ती वाटेतच पडली. दाणा वाऱ्याबरोबर जात नाही, हा त्याचा गुण खताच्या दुकानात सांगतात. बोरीचा थर तोच सिद्धान्त उलट्या बाजूने सांगतो.

आणि पाण्याच्या मापाविषयी लिहीत असताना आंबेगाव तालुक्यातील माणसाला एक गोष्ट टाळता येत नाही. ३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीण गावावर डोंगर उतरला आणि दीडशेहून अधिक माणसे मातीखाली गेली. त्या उतारावर काय काय कारणे एकत्र झाली याची मीमांसा तज्ज्ञांनी केली आहे आणि ती येथे करण्याचा माझा अधिकार नाही. मी फक्त एवढे जाणतो की उतारावरची माती वर्षानुवर्षे ज्याच्या आधाराने उभी असते त्यात कणांच्या सांध्यांवरचे ते थोडे पाणी असते, आणि दिवसच्या दिवस पाऊस पडून सगळ्या फटी भरल्या म्हणजे ती ओढ नाहीशी होऊन पाणी आतून उलट रेटू लागते. न्यूइट आणि कॉनवे-जोन्स यांच्या चार पायऱ्या मी अनेक वर्षे फळ्यावर काढत आलो होतो. त्या आठवड्यानंतर चौथी पायरी काढताना माझा खडू काही काळ थांबत असे.

पुस्तक लिहून होत आले तेव्हा संक्रांत जवळ आली होती, आणि आमच्या आत्या, ज्यांचे वय आता नव्वदीला टेकले आहे, सुनेकडून हलवा करवून घेत होत्या. हाताला कंप असल्यामुळे स्वतः करता येत नाही, म्हणून पाटावर बसून हुकूम सोडत होत्या. मंद शेगडीवर परात, परातीत खसखस, बाजूला एकतारी पाक. चमच्याने पाकाचे चार थेंब सोडायचे आणि बोटांनी दाणे फिरवत राहायचे, ते कोरडे होईपर्यंत. मग पुन्हा चार थेंब. घाई केली, पाक जास्त पडला, की दाणे एकमेकांना चिकटून गठ्ठा होतो आणि त्या वेळी आत्या जे बोलतात ते माझ्या वरिष्ठांच्या भाषणाहून फारसे निराळे नसते. धीर धरला तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी प्रत्येक दाण्यावर पांढराशुभ्र काटा उभा राहतो. मी त्यांना आमच्या ढोलाचे चित्र दाखवले, पुस्तकात घालण्यासाठी काढवून घेतलेले: कोठून पीठ येते, कोठे पाण्याचा फवारा, कोठून दाणे बाहेर पडतात आणि मग ते दुसऱ्या लांब ढोलात गरम हवेने वाळायला कसे जातात. त्यांनी चष्मा लावून ते बराच वेळ पाहिले.

"काय रे," त्या म्हणाल्या, "पाणी इथे घालता आणि शेगडी पार तिकडे? मग मधल्या वेळात ते चिकटत नाहीत होय?"

चिकटतात. एका थेंबाची ओल वाळण्यापूर्वी दुसरा थेंब न सोडणारी परात आणि सगळे पाणी आधीच घालून मग वाळवायला नेणारा ढोल, यांतील फरक माझ्या तीनशे पानांत कोठेच इतक्या थोडक्यात आलेला नव्हता. छापखान्याकडे गेलेले पहिले प्रकरण मी परत मागवले आणि आता ते आत्यांच्या प्रश्नापासून सुरू होते.

घोडेगाव,
अक्षय्य तृतीया